बेट, फट आणि दुचाकी

भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात बेटाची व्याख्या 'चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग' अशी दिलेली असते, राज्यशास्त्रात सीमा म्हणजे दोन सार्वभौम सत्तांना विभागणारी रेषा असे सांगितले जाते, आणि दुचाकीची ओळख तर तिच्या नावातच उरकलेली असते. परंतु या तिन्ही व्याख्यांतून एक मूलभूत वस्तू निसटलेली आहे, ती म्हणजे फट. बेट म्हणजे मुख्य भूमीपासून फट राखून बसलेली जमीन, सीमा म्हणजे आपल्यात एकही फट नाही असा दोन सरकारांनी केलेला दावा, आणि दुचाकीस्वार म्हणजे जगात जिथे जिथे फट आहे ती आपल्यासाठीच ठेवलेली आहे अशी गाढ श्रद्धा असलेला मनुष्य होय. पुण्यातील कोणत्याही सिग्नलवर ही श्रद्धा दर दोन मिनिटांनी आचरणात आलेली दिसते, आणि बस व टेम्पो यांच्यामधल्या ज्या जागेतून पेपरवाल्याने वर्तमानपत्र सरकवायलाही विचार केला असता, त्या जागेतून तीन माणसे, एक गॅसची टाकी आणि शाळेचे दप्तर एकाच गाडीवरून सुखरूप पलीकडे जाते. मात्र बेट, सीमा आणि दुचाकी ही तिन्ही तत्त्वे एकाच ठिकाणी आमनेसामने आली तर काय होते, हे पाहायचे असेल तर मलाय द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाला जावे लागते. तिथे मलेशियातील जोहोर बाहरू हे शहर आणि सिंगापूर हे बेट-राष्ट्र एकमेकांना दिसतील इतके जवळ असून, दोहोंच्या मध्ये एक अरुंद सामुद्रधुनी, दोन इमिग्रेशन आणि हजारो मोटारसायकली आहेत.

या सामुद्रधुनीवरून जाणाऱ्या जुन्या मार्गाला 'कॉजवे' म्हणतात. कॉजवे म्हणजे पूल नव्हे, तर पाण्यात दगडांचा भराव टाकून बांधलेला रस्ता. पूल फट ओलांडतो, कॉजवे ती बुजवतो, आणि हा भेद पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे. १९१९ मध्ये सुरू झालेले हे काम, प्रामुख्याने पुलाऊ उबिन हे छोटे बेट आणि बुकित तिमाह ही टेकडी येथील ग्रॅनाइट दगड वापरून, १९२४ मध्ये पूर्ण झाले, आणि अवघ्या एक किलोमीटरहून किंचित अधिक लांबीच्या या रस्त्याने सिंगापूरचे बेटपण तांत्रिकदृष्ट्या संपुष्टात आणले. मराठी वाचकाला हा प्रकार अपरिचित वाटण्याचे कारण नाही, कारण मुंबईही मुळात बेटांचेच शहर असून, माहीमचा कॉजवे १८४५ मध्ये पुरा झाला तो सरकारने हात आखडता घेतल्यावर लेडी अवाबाई जमशेटजी यांनी दिलेल्या दीड लाखाहून अधिक रुपयांतून, आणि त्यावर कधीही टोल घेऊ नये या अटीवर. आज वांद्र्याहून माहीमकडे येणाऱ्या दुचाकीस्वाराला आपण खाडी ओलांडून एका ऐतिहासिक बेटावर पाऊल ठेवत आहोत याची पुसटशीही जाणीव होत नाही, आणि त्या स्थळाविषयी त्याच्या भावना 'माहीमला ट्रॅफिक आहे' या एका वाक्यात सामावतात. फट इतकी पुरती बुजली की बेट विसरले जाते. २०१७ पर्यंत मुलुंड-दहिसरच्या जकात नाक्यांवर ट्रकच्या रांगा तरी लागत असत, आता तेवढीही आठवण करून देणारे कोणी उरलेले नाही.

सिंगापूरच्या कॉजवेचे भाग्य याहून निराळे आहे, कारण तिथे बुजवलेली फट पुन्हा उकरण्याचे प्रयत्न शंभर वर्षे अखंड चालू आहेत. मूळ बांधकामातच जोहोरच्या बाजूला लहान जहाजांसाठी एक जलद्वार, म्हणजे पाण्याची पातळी वर-खाली करून होड्या पलीकडे सोडणारी कुंडी, आणि तिच्यावर उचलता येणारा पूल होता, म्हणजे फट बुजवतानाच एक छोटी फट अभियंत्यांनी हौसेने राखली होती. ३१ जानेवारी १९४२ रोजी माघार घेणाऱ्या ब्रिटिश फौजांनी सुरुंग लावून याच भरावात मोठे खिंडार पाडले, आणि त्यामागे जपानी सैन्य अडेल अशी अपेक्षा होती. मात्र ते सैन्य मोठ्या संख्येने सायकलींवरून द्वीपकल्प उतरत आले होते, आणि उष्णतेने टायर फुटल्यावर ते नुसत्या लोखंडी रिमांवर सायकली हाकत असे सांगतात; त्या खडखडाटामुळे रात्रीच्या वेळी रणगाडेच येत असल्याचा भास समोरच्यांना होई. सायलेन्सर काढून गल्लीतून फिरणाऱ्या आधुनिक तरुणाचे पूर्वज कोण, या प्रश्नाचे उत्तर कदाचित इथे मिळेल. दुचाकीवरून आलेल्या सैन्याला खिंडाराने थांबवता येईल हा समज मुळातच दुचाकीच्या स्वभावाचे अज्ञान दाखवणारा होता, आणि १५ फेब्रुवारीला बेट पडले. त्यानंतर बेटाने जे भोगले तो मात्र विनोदाचा विषय नाही.

युद्धानंतर भराव दुरुस्त झाला, १९६३ मध्ये सिंगापूर मलेशियात सामील झाले, आणि ९ ऑगस्ट १९६५ रोजी, दोन वर्षांच्या संसाराने दोघांचेही समाधान झाल्यावर, वेगळे झाले. एकत्र कुटुंबातून विभक्त झालेल्या भावांमध्ये विहीर, बांध आणि आंब्याचे झाड यांवरून जे चालते, तेच पुढे या दोन देशांत अधिक चांगल्या इंग्रजीत चालू राहिले. त्यातील सर्वांत रम्य प्रकरण रेल्वेचे आहे: सिंगापूर शहराच्या ऐन मध्यावरील तंजोंग पगार हे स्थानक मलेशियाच्या रेल्वेकडे होते, आणि १९९८ मध्ये सिंगापूरने आपली पासपोर्ट-तपासणी सीमेवरील वूडलँड्स येथे नेली तरी मलेशियाने आपली तपासणी शहरातच ठेवली, त्यामुळे उत्तरेकडे जाणारा प्रवासी आधी मलेशियात दाखल होई आणि त्यानंतर काही वेळाने सिंगापूर सोडी. म्हणजे मधल्या वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये तो नेमका कोठे होता, या प्रश्नाला अद्वैत वेदान्ताखेरीज कोणत्याही शास्त्राकडे उत्तर नव्हते. २०११ मध्ये हा घोळ मिटला तेव्हा शेवटची गाडी खुद्द जोहोरच्या सुलतानांनी, म्हणजे २०२४ मध्ये मलेशियाचे राजे झालेल्या सुलतान इब्राहिम यांनी, स्वतः चालवत बाहेर नेली. दुसरे प्रकरण 'वाकड्या पुला'चे: पंतप्रधान महाथिर मोहम्मद यांच्या काळात मलेशियाने कॉजवेचा केवळ आपल्या वाट्याचा अर्धा भाग पाडून तिथे उंच पूल बांधण्याचे ठरवले, पण खालून जहाजे जातील इतकी उंची गाठून पुन्हा सिंगापूरच्या अर्ध्या भागाला टेकायचे तर एवढ्या थोड्या अंतरात पुलाला वळसे घेणे भाग होते. वाटणीच्या घरात एका भावाने आपल्या अर्ध्या भागावर मजला चढवावा आणि जिना मात्र दुसऱ्याच्या अंगणात उतरावा, अशी ही योजना होती, आणि २००६ मध्ये ती सोडून देण्यात आली.

अशा इतिहासाने भारलेल्या किलोमीटरवर दुचाकीस्वाराचा प्रवेश होतो. त्याचे वाहन बहुधा 'कपचाय' असते. मलेशियात हा शब्द मधला भाग खाली झुकलेल्या, हाताचा क्लच नसलेल्या पण पायाने गिअर टाकायच्या छोट्या मोटारसायकलींसाठी रूढ असून, तो होंडाच्या 'कब' या जुन्या गाडीच्या नावावरून आल्याचे मानले जाते. महाराष्ट्रात दूधवाल्याच्या एम-एटीला जे स्थान होते, म्हणजे अपार निष्ठा, शून्य प्रतिष्ठा आणि कोणतेही ओझे नाकारण्याची असमर्थता, तेच कपचायला तिथे आहे. तिच्या क्रमांकाच्या पाटीची सुरुवात 'जे' या अक्षराने झाली तर ती जोहोरची, आणि 'एफ'ने झाली तर सिंगापूरची मोटारसायकल समजावी. या दोन अक्षरांमध्ये किती आर्थिक दरी आहे हे कळण्यासाठी 'सर्टिफिकेट ऑफ एन्टायटलमेंट' ही संस्था ध्यानात घ्यावी लागते. सिंगापुरात १९९० पासून वाहन विकत घेण्यापूर्वी ते दहा वर्षे बाळगण्याचा हक्क लिलावात विकत घ्यावा लागतो, आणि २०२२ च्या अखेरीस मोटारसायकलीच्या या नुसत्या हक्काची बोली बारा हजार सिंगापूर डॉलरच्याही पुढे गेली होती. म्हणजे गाडीपेक्षा गाडी बाळगण्याचा कागद महाग, आणि लग्नापेक्षा लग्नाचे कार्यालय महाग हे सूत्र ज्या समाजाला ठाऊक आहे, त्याला हे अर्थशास्त्र वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

स्वाराच्या पोशाखातील एक बाब मात्र जवळून न्याहाळण्याजोगी आहे. तो आपले जॅकेट उलटे घालतो. आतली बाजू बाहेर या अर्थाने नव्हे, तर पुढची बाजू मागे या अर्थाने. दोन्ही बाह्यांत समोरून हात घातलेले, गळ्याशी जॅकेटची पाठ ताणून बसवलेली, आणि पाठीवर उघडी चेन वाऱ्याने फडफडत असलेली, अशा स्थितीत तो एखाद्या शल्यविशारदासारखा किंवा दाढीसाठी बसवलेल्या गिऱ्हाइकासारखा दिसतो. यामागील शास्त्र सोपे आहे: वारा आणि पाऊस समोरून येतात, चेन आणि गुंड्या समोर असल्या तर त्यांच्या फटीतून ते छातीपर्यंत पोहोचतात, म्हणून फट मागे आणि सलग कापड पुढे. उकाडा बारमाही असल्याने मागचे उघडे दार वायुवीजनाचेही काम करते. पुण्याच्या ज्या कन्यांनी चेहऱ्याभोवती ओढणी गुंडाळून डोळ्यांपुरतीच फट ठेवण्याची कला विकसित केली, त्यांच्या आणि या जोहोरकर स्वाराच्या प्रज्ञेत मूलतः फरक नाही. दोघांनीही वाहन-उद्योगाने न सोडवलेला प्रश्न घरच्या कपड्यांनी सोडवलेला आहे.

नित्य स्वार, म्हणजे जोहोरमध्ये राहून सिंगापुरात नोकरी करणारा, पहाटे चार-साडेचारला घर सोडतो, कारण वूडलँड्सच्या नाक्यावरून साधारण दिवशीही सुमारे तीन लाख माणसे ये-जा करतात आणि त्या सर्वांनी लवकर निघण्याचे ठरवलेले असते. एका सिंगापूर डॉलरला तीनहून अधिक मलेशियन रिंगिट मिळतात, या एका भागाकारात त्याच्या पहाटेचे संपूर्ण रहस्य आहे. १९७३ पर्यंत ही दोन्ही चलने एकास एक या दराने परस्परांच्या देशात चालत, यावर आता कोणाचा विश्वास बसत नाही. सहल म्हणून बेट पाहायला निघालेला स्वार मात्र तुलनेने सुखी असल्याने हेच सर्व हौसेने करतो. त्याच्याकडे परदेशी गाडीसाठी लागणारा वाहन-प्रवेश परवाना आणि 'ऑटोपास' नावाचे कार्ड असावे लागते, आणि मोटारसायकलीचे शुल्क दिवसाला ४ सिंगापूर डॉलर असते. वर्षातील दहा दिवस माफ, शनिवार-रविवार माफ, आणि इतर दिवशी संध्याकाळी पाचनंतर प्रवेश केल्यास माफ, अशा त्यातील सवलती आहेत. साहजिकच पावणेपाचला नाक्याजवळ पोहोचलेला मनुष्य चार डॉलरचे वेळेत रूपांतर कसे करावे याचा विचार करू लागतो, आणि मराठी मध्यमवर्गीयाला या एका क्षणी तो आपला सख्खा भाऊ वाटावा.

प्रत्यक्ष भरावावर सर्व मोटारसायकली आपापल्या मार्गिकेत शिरल्या की एक विलक्षण दृश्य घडते, ते असे की जो प्राणी जन्मभर फटीतून पुढे सरकला त्याला फट मिळणे बंद होते. मोटारींमधून वाट काढावी तर मोटारी नाहीत, सर्वत्र मोटारसायकलीच आहेत. आणि प्रत्येकाची नजर त्याच अर्ध्या वितीच्या जागेवर खिळलेली आहे. आरशाला आरसा घासतो, पाय जमिनीवर चालू लागतात, इंजिन बंद करून गाडी ढकलावी की चालू ठेवून हाताचा क्लच नसलेल्या गाडीला समजावावे, यावर प्रत्येकजण स्वतंत्रपणे विचार करतो. तीन कोटी वर्षांनंतर एखाद्या भूगर्भशास्त्रज्ञाला या थरात हेल्मेटांचे जीवाश्म सापडले, तर ती एकाच दिशेने तोंड करून स्थलांतर करणारी कासवे होती असाच निष्कर्ष तो काढील. या रांगेत कोणी कोणाशी भांडत नाही, कारण भांडायला हेल्मेट काढावे लागते आणि हेल्मेट काढेपर्यंत समोर निर्माण झालेली सहा इंच जागा दुसऱ्याच्या चाकाची होते.

नाक्यावर पोहोचल्यावर स्वाराने काच वर करावी, हातमोजा काढावा, पासपोर्ट यंत्रावर ठेवावा आणि अंगठा उमटवावा अशी अपेक्षा असते. अंगठा उमटवणे ही क्रिया मराठी साहित्यात सावकार, गहाणखत आणि निरक्षर शेतकरी यांच्याशी जोडलेली असली, तरी इथे ती अत्याधुनिक तंत्रज्ञानाचे लक्षण मानली जाते, आणि पावसाने भिजून सुरकुतलेल्या अंगठ्याला यंत्राने ओळख दाखवण्यास नकार दिला की साक्षर आणि निरक्षर हा भेद तिथेच मिटतो. स्वार बोट पुसतो, पण पुसायला जे काही आहे ते सर्व ओले असते. तो अंगठ्यावर फुंकर मारतो, दुसऱ्या अंगठ्याचा विचार करतो, आणि मागचे शंभर स्वार त्या एका अंगठ्याकडे अशा एकाग्रतेने पाहतात की द्रोणाचार्यांनी त्यांना उत्तीर्ण केले असते. अखेर अडसर उघडतो. एक किलोमीटर पार करण्यास गर्दीच्या वेळी तास किंवा त्याहून अधिक लागलेला असतो, आणि यापुढे वूडलँड्सपासून मरीना बेपर्यंतचे सुमारे पंचवीस किलोमीटर अर्ध्या-पाऊण तासात संपणार असतात. अंतर ही लांबीची नव्हे तर सरकारांच्या संख्येची बाब आहे, हा सिद्धांत इथे प्रयोगाने सिद्ध होतो.

बेटावर आलेल्या भारतीय मनाच्या स्वाराला पहिला धक्का डाव्या बाजूने बसतो, कारण वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून असूनही ती खरोखरच डावीकडून चालते. रस्त्यावरील रेषा रंगवलेल्या असून त्या पाळायच्या असतात, ही कल्पना अंगवळणी पडायला दोन सिग्नल जातात. मोटारसायकल उभी करण्याच्या जागाही पट्ट्यांनी आखलेल्या असतात आणि सरकारी गृहसंकुलांच्या वाहनतळात दिवसभराचे ६५ सेंट पडतात, ही या महागड्या शहरातील बहुधा एकमेव वस्तू अशी की जी पाहून परदेशी स्वार मनातल्या मनात रिंगिट किंवा रुपयांत गुणाकार करून घाबरत नाही. दुसरा धक्का पाट्यांचा. भुयारी आणि उन्नत रेल्वेच्या स्थानकात धूम्रपान १००० डॉलर, खाणेपिणे ५०० डॉलर, ज्वालाग्राही पदार्थ ५००० डॉलर असे दंडांचे दरपत्रकच लावलेले असते, आणि त्याखाली ड्युरियन या फळाचे चित्र काढून त्यावर फुली मारलेली असते, पण रक्कम दिलेली नसते. ड्युरियन हे काटेरी फळ दिसायला फणसाच्या घरातले वाटले तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते कापूस आणि जास्वंदीच्या कुळातले आहे, आणि त्याचा वास असा आहे की कायद्याने त्याची किंमत ठरवण्याचा प्रयत्न सोडून दिला असावा. पुणेरी पाटी आणि सिंगापुरी पाटी यांतील फरक येथे नोंदवणे उचित होईल: पुणेरी पाटी वाचणाऱ्याची अक्कल काढते पण पैसे मागत नाही, सिंगापुरी पाटी पैसे मागते पण अक्कल काढत नाही, दोन्हींचा परिणाम सारखाच होतो.

फटीच्या शास्त्रातील या बेटाचे सर्वांत मोठे योगदान म्हणजे च्युइंगम-बंदी. १९८७ मध्ये सुरू झालेल्या रेल्वेच्या दारांमधील संवेदकांवर, म्हणजे दार नीट मिटले की नाही हे ओळखणाऱ्या यंत्रणेवर, काही महाभागांनी चघळलेला गम चिकटवला, दारे मिटेनात, गाड्या खोळंबल्या, आणि १९९२ पासून च्युइंगमची आयात व विक्रीच बंद करण्यात आली. अमेरिकेशी व्यापार-करार झाल्यावर २००४ पासून औषधी गम तेवढा औषधविक्रेत्याकडून वा दंतवैद्याकडून मिळू लागला. एका बोटाएवढ्या फटीसाठी एका राष्ट्राने आंतरराष्ट्रीय व्यापारनीती आखावी, हे पाहून दारात लटकून चर्चगेट गाठणाऱ्या मुंबईकराला त्या राष्ट्राविषयी आदर वाटतो आणि थोडी काळजीही वाटते.

बेट पाहणे म्हणजे काय पाहणे, हा प्रश्न स्वारापुढे लवकरच उभा राहतो, कारण पेट्रोल संपण्याआधी बेट संपण्याची शक्यता असते. सर्वोच्च स्थान बुकित तिमाह, म्हणजे जिच्या पोटातून कॉजवेचे दगड निघाले ती टेकडी, सुमारे १६४ मीटर उंच असून, १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईचा तो जवळजवळ दहावा हिस्सा आहे. तिथे जाणाऱ्या मराठी गिर्यारोहकाने भाकरी-ठेचा बांधून घेतला तर तो सोडण्याआधीच शिखर येते. देशाचे नाव 'सिंहपूर' या संस्कृत शब्दावरून आले असून, सांग नील उतम या राजपुत्राला इथे सिंह दिसल्याची कथा मलय परंपरेत आहे, पण या प्रदेशात सिंह कधी नव्हताच, तेव्हा त्याने पाहिला तो बहुधा वाघ असावा. चुकीच्या ओळखीवर उभ्या असलेल्या या नावाला शोभेल असे बोधचिन्ह १९६४ मध्ये पर्यटन मंडळासाठी तयार झाले, ते अर्धे सिंह आणि अर्धे मासा आहे, त्याचा ८.६ मीटर उंच पुतळा १९७२ पासून तोंडातून पाणी सोडत उभा आहे, आणि वाघ म्हणून कोणीही त्याच्याकडे पाहत नाही. जवळच संत अँड्र्यू यांचे शुभ्र कॅथीड्रल आहे, जे एकोणिसाव्या शतकात भारतीय कैद्यांच्या श्रमांतून उभे राहिले. १८२५ ते १८७३ या काळात बंगाल आणि मद्रासबरोबरच मुंबई इलाख्यातूनही कैदी या बेटावर धाडले जात. मुंबईकडून इथे येणाऱ्या त्या पहिल्या पाहुण्यांना ना परवाना लागला, ना रांगेत उभे राहावे लागले, फक्त परतीचा प्रश्न त्यांना कोणी विचारला नाही.

भूक लागल्यावर स्वार 'हॉकर सेंटर'मध्ये, म्हणजे पूर्वी रस्त्यावर गाड्या लावणाऱ्या खाद्यविक्रेत्यांना एका छताखाली आणून बसवलेल्या खाऊगल्लीत शिरतो. २०२० मध्ये युनेस्कोने या संस्कृतीची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली आहे. लिटल इंडियातील टेक्का सेंटरमध्ये दुपारी बाराला उभे राहिले तर दिसते ते असे: टेबले मोकळी आहेत, खुर्च्या मोकळ्या आहेत, पण प्रत्येक टेबलावर कागदी रुमालांचे एक छोटे पाकीट पडलेले आहे आणि कोणीही तिथे बसत नाही. या विधीला 'चोप' म्हणतात, म्हणजे पाकीट ठेवून जागा धरणे, आणि या शब्दाचे मूळ शिक्का या अर्थाच्या ज्या 'चॉप'पर्यंत नेले जाते त्याचे नाते आपल्या 'छाप'शी सांगितले जाते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या महाराष्ट्राला हा संस्कार आपलाच वाटावा, फक्त तीन फरक लक्षात घ्यावेत: तिथे रुमाल कागदाचा असतो, तो टाकण्यासाठी खिडकीला लोंबकळावे लागत नाही, आणि परत आल्यावर तो जागेवर सापडतो. एसटीत रुमालावर बसलेला गृहस्थ 'नाव लिहिलंय का?' असे विचारतो. टेक्कात नाव न लिहिलेल्या पाकिटापुढे अख्खे शहर गरम ताट हातात धरून उभे राहते. संपूर्ण बेटावर विनापहारा, विनादंड, विनाकॅमेरा पाळला जाणारा हा बहुधा एकमेव नियम असावा, आणि तो सरकारने केलेला नाही. जेवण झाल्यावर ताट परत नेऊन ठेवणे मात्र २०२१ पासून कायद्यात आले, यावरून कोणते काम माणूस आपखुशीने करतो आणि कोणते नाही याचा अंदाज यावा. ताटातला 'रोटी प्रता', म्हणजे आपटून पदर सोडवलेला पराठा, पलीकडे जोहोरमध्ये 'रोटी चनाय' या नावाने मिळतो; कणीक तीच, तूप तेच, सीमा ओलांडताना पराठ्याने फक्त आपले नाव आणि दर बदलला आहे.

परतीची वेळ झाली की पेट्रोलचे तत्त्वज्ञान सुरू होते. मलेशियात पेट्रोल स्वस्त, सिंगापुरात महाग. म्हणून सिंगापूरच्या मोटारींनी रिकाम्या टाकीने पलीकडे जाऊन भरलेल्या टाकीने परत यावे हे निसर्गाला धरून होते, आणि सरकारला ते न आवडणेही तितकेच निसर्गाला धरून होते. १९८९ मध्ये देश सोडणाऱ्या सिंगापुरी मोटारीची टाकी किमान अर्धी भरलेली असावी असा नियम झाला, १९९१ मध्ये तो पाऊण टाकीवर गेला. आणि २०१० पासून मलेशियाने अनुदानित पेट्रोल, म्हणजे पिवळ्या मुठीच्या नळीचे, परदेशी क्रमांकाच्या गाड्यांना देणे बंद केले. टाकीतील वरच्या पाव भागातील रिकाम्या जागेवर दोन राष्ट्रांनी मिळून पहारा बसवावा, असे हे फटीच्या इतिहासातील दुर्मिळ उदाहरण आहे. बजाजची स्कूटर तिरकी करून तळाचे पेट्रोल शेवटच्या थेंबापर्यंत वसूल करणाऱ्या पिढीने हा नियम ऐकला असता, तर डोळे मिटून हात जोडले असते. या सर्व झटापटीत निर्विघ्न प्रवास करते ते फक्त पाणी. १९६२ च्या करारानुसार, जो २०६१ पर्यंत चालेल, जोहोर नदीतून दिवसाला २५ कोटी गॅलनपर्यंत पाणी सिंगापूर घेऊ शकते, हजार गॅलनला ३ सेन, म्हणजे रिंगिटचे तीन शतांश, या दराने. कॉजवेच्या कडेने गेलेल्या जाड नळांतून ते खळखळ पुढे जात असते, आणि शेजारच्या मार्गिकेत अडकलेला स्वार त्या नळांकडे अशा नजरेने पाहतो, की पुढचा जन्म मिळालाच तर पाण्याचा मिळावा.

आता या फटीवर आणखी एक उपाय योजला जात आहे. बुकित चगार आणि वूडलँड्स नॉर्थ यांना जोडणारी सुमारे चार किलोमीटरची नवी रेल्वे उभी राहिली असून ती २०२६ च्या अखेरीस सुरू करण्याचा दोन्ही देशांचा संकल्प आहे. तिच्यातून तासाला एका दिशेने दहा हजार माणसे जाऊ शकतील आणि दोन्ही देशांची तपासणी निघतानाच एका ठिकाणी होईल. कॉजवे रिकामा होईल अशी आशा नियोजनकार बाळगून आहेत, पण फटीच्या शास्त्राचा प्राथमिक विद्यार्थीही सांगू शकेल, की रस्त्यावर जागा झाली आहे ही बातमी कळताच ज्यांनी कधी मोटारसायकल घेतलेली नाही तेही ती घेतील.

तोवर रात्री दहाच्या सुमारास जोहोर बाहरूच्या बाजूला उतरलेला स्वार रस्त्याकडेच्या टपरीवर थांबतो आणि 'तेह तारिक', म्हणजे एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात हातभर उंचावरून ओतून फेसाळलेला दुधाचा चहा, मागवतो. दिवसभरात त्याने दोन देशांना अंगठा दाखवलेला असतो, एक टेकडी, एक अर्धमत्स्य सिंह आणि किमान तीन दंडपत्रके पाहिलेली असतात, आणि दोनशेहून अधिक फटींपैकी निम्म्याअधिक गमावलेल्या असतात. चहा येईपर्यंत तो हेल्मेट आरशाला अडकवतो आणि जॅकेट काढण्यासाठी नेहमीप्रमाणे छातीशी चेन शोधू लागतो. चेन सापडत नाही. ती पाठीवर आहे हे त्याच्या लक्षात येते तेव्हा टपरीवाला, न सांगता, मागून बाही ओढून देतो.